शेवटचा आकडा

कंट्रोलर कोणतीही गोष्ट दोनदा सांगत. एकदा सगळ्यांसाठी आणि एकदा, त्यांच्याच शब्दांत, "शेंगदाणे घ्यायला गेलेल्या माणसासाठी." पोलादपूरच्या स्टँडवर काचेच्या केबिनमध्ये बसून गाड्यांची घोषणा करणं हे त्यांचं काम. आवाज असा, की महाबळेश्वरची गाडी लागल्याचं स्टँडवरच्या माणसांआधी सावित्री नदीपलीकडे गुरं राखणाऱ्याला कळावं. दोनदा सांगायची ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की घरी जेवतानाही ते "आमटी वाढ, आमटी वाढ" म्हणत. "पयल्या सांगण्याला वाढली, आता दुसऱ्या सांगण्याची कुठं वाढू?" असं त्यांची बायको विचारायची. त्यांना नाव होतं, पण ते मतदार यादीत होतं. आम्ही सगळे त्यांना कंट्रोलरच म्हणायचो.

सई, निषाद, हे तुम्हाला लिहायचं कारण तुमचा तो पॉडकास्ट. तुम्ही दोघं तुमच्या मित्रांबरोबर दर आठवड्याला बसता, कल्पनेतल्या एका राज्यात हिंडता, वीस बाजूंचा फासा टाकता आणि ते सगळं रेकॉर्ड करून जगाला ऐकवता. तुमच्या बाबाने माझ्या फोनवर ते लावून दिलं आणि वर म्हणाला, "आई, तुला हे जरा विचित्र वाटेल." मला विचित्र काहीच वाटलं नाही. सई छान सांगते. निषाद ऐन लढाईत चिप्स आणायला उठतो, तेही कळतं. मी फक्त पुन्हा पुन्हा वाट बघत होते, की यात गाडीची घोषणा कधी होणार.

कारण हा खेळ आम्ही पोलादपुरात खेळलो आहोत, तुमचा जन्म व्हायच्या आधी. तोही रेकॉर्ड करून. त्याला पॉडकास्ट म्हणतात हे माहीत नव्हतं, एवढाच फरक.

त्या खेळाकडे वळण्याआधी कंट्रोलरांच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. ती कळली नाही, तर एका प्रौढ, नोकरदार माणसाने उडत्या घोरपडीमागे दोन वर्षं का घालवली, ते कळणार नाही.

कंट्रोलरांचा एकुलता एक मुलगा दिनू. दहावीचा निकाल लागला त्या दुपारी तो गणितात नापास झाल्याचं सांगायला केबिनमध्ये आला. कंट्रोलर नुकतेच खेडच्या गाडीची घोषणा करून वळले होते, आणि माइकचं बटण बंद करायचं राहिलं होतं. "अरे, स्टँडवरचा तो मोकाट बैल तुझ्यापेक्षा बरा!" ते म्हणाले. "त्याला निदान कुठली गाडी कुठं जाते ते ठाऊक हाय!" हे सगळ्या स्टँडने ऐकलं. माणसं हसली. आणि कंट्रोलर, सवयीप्रमाणे, तेच वाक्य दुसऱ्यांदा बोलले.

दिनू त्या हसणाऱ्या माणसांमधून बाहेर पडला. तो घरी गेला असेल, असं कंट्रोलरांना वाटलं. तो फलाटाला लागलेल्या मुंबईच्या गाडीत बसला होता. ती गाडी सुटत असल्याची घोषणा कंट्रोलरांनी स्वतः केली. दोनदा.

त्यानंतर माइकचं बटण बंद केल्यावर ते बोटाने चाचपून बघायचे, आणि मग पुन्हा एकदा चाचपून बघायचे. पण दिनू परत आला नाही. गणपतीला नाही, शिमग्याला नाही. आईला पत्र यायचं, त्यात म्हशीची चौकशी असायची, वडिलांची नसायची.

दिनू कुठे होता हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. पोलादपूरच्या वर डोंगरात कंट्रोलरांची वाडी, आणि त्या वाडीची मुंबईत एक खोली होती. वाडीतली नोकरीला गेलेली चौदा माणसं त्या एका खोलीत राहायची. दिनू तिथेच पंधरावा झाला आणि एका छापखान्यात लागला. दर पंधरा दिवसांनी कंट्रोलर मुंबईच्या ड्रायव्हरबरोबर खोलीवर एक कॅसेट पाठवायचे. कोणाच्या गाईला कालवड झाली, कोणाच्या घराची कौलं वाऱ्याने गेली, कोणाचं लग्न ठरलं, सगळं त्यांच्या आवाजात. खोलीवाले रविवारी ती लावायचे, मागच्या बाजूवर आपला निरोप भरायचे आणि परत पाठवायचे. ए बाजू गावाची, बी बाजू खोलीची. दिनू गेल्यापासून प्रत्येक बी बाजूवर एक वाक्य ठरलेलं असायचं: "कंट्रोलर, तुमचा आवाज लागला का दिनू चप्पल घालून खाली जातो."

आमचं घर स्टँडच्या भिंतीला लागून. मी तेव्हा हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत होते, तुमचे आजोबा नुकतेच निवृत्त झाले होते. दुपारी दोनला पाळी संपली की कंट्रोलर आमच्या ओसरीवर चहाला यायचे. एकदा माझ्या टेबलावर झेरॉक्सचा एक गठ्ठा पडला होता. तुमचा बाबा इंजिनिअरिंगच्या सुट्टीत हॉस्टेलवरून हा खेळ घेऊन आला होता. पुस्तकाच्या झेरॉक्स आणल्या होत्या आणि फासे गाडीत हरवून आला होता. हे तो आता कबूल करणार नाही.

"बाई, हे कसलं टाइमटेबल?" कंट्रोलरांनी विचारलं.

मी सांगितलं, की यात एक माणूस गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. काय करायचं ते त्यांनी ठरवायचं. जमलं की नाही ते फासा ठरवतो.

"मग सांगणाऱ्याच्या हातात काय?"

"वाटेत काय आहे तेवढं सांगायचं."

कंट्रोलरांनी चहाचा कप खाली ठेवला. "मग हे आपलंच काम हाय, बाई. गाडी कुठं जाणार ते मी सांगतो. चढायचं का नाय ते पॅसेंजर ठरवतो." मग त्यांनी हळूच विचारलं, "आणि गोष्ट अर्धी सोडली, तर पुढचं ऐकायला माणूस थांबतो, नाय?"

कोण माणूस, ते मी विचारलं नाही.

फाशांचा प्रश्न त्यांनीच सोडवला. स्टँडच्या फाटकाशी डोंगरातली शेवंताबाई बसायची. उन्हाळ्यात करवंदं, पावसाळ्यात काकड्या. उतरणारे लोक आपली तिकिटं तिच्या टोपलीसमोर टाकून जायचे. ती गोळा करून कंट्रोलरांनी बिस्किटाच्या एका डब्यात भरली. डोळे मिटून एक तिकीट काढायचं, त्याच्या नंबरातला शेवटचा आकडा मोठ्याने वाचायचा. पाच किंवा वर आला तर जमलं. खाली आला तर फसलं. नऊ म्हणजे वाहवा आणि शून्य म्हणजे पुरती फजिती. पहिल्याच दिवशी शेवंताबाईच्या लक्षात आलं, की एका कुटुंबाची तिकिटं ओळीने फाडलेली असतात आणि एकमेकांना चिकटून येतात. चार निघाला की ती त्याच्या पाठचं चिकटलेलं पाचचं चाचपडायची. तेव्हापासून डबा हलवायचं काम माझ्याकडे आलं.

मी शिस्तीची बाई. इंग्रजी पुस्तकातले नियम मराठीत करून, नंबर घालून दोनशे पानी वहीत उतरवले. सोळा झाले. प्रत्येक तिकिटाचा आकडा लिहायला मागे चौकोन आखले. एकदा काढलेलं तिकीट बदलायचं नाही, हा नियम चौथा. पण कंट्रोलरांनी तो वाचायच्या आधीच आपला म्हणून जाहीर केला होता: "तिकीट म्हणजे तिकीट!" वीस वर्षं सवलती मागणाऱ्या लोकांशी बोलून त्यांचं हे वाक्य तयार झालं होतं. शेवंताबाई आकड्यासाठी कितीही गयावया करो, ते ऐकायचे नाहीत.

ड्रॅगन म्हणजे काय ते समजावताना मात्र माझी पंचाईत झाली. "मोठा सरडा," मी म्हणाले, "पंख असलेला, तोंडातून आग टाकणारा."

"म्हंजे उडती घोरपड," शेवंताबाईने निकाल दिला. "मग सांगा की तसं. वणवा तीच लावते तर!"

झालं. त्या उडत्या घोरपडीने देवळाची घंटा पळवून नेली आणि ती परत आणायला चारजण निघाले. मी वैद्य झाले. खेळ ए बाजूवर भरून खोलीवर जायचा, म्हणून खोलीवाल्यांसाठी एक सरदार ठेवला. त्याने काय करायचं ते चौदा जण भांडून ठरवायचे आणि बी बाजूवर कळवायचे. सगळ्यांबरोबर एक मुका निशाणवाला होता, तो कंट्रोलरांनी कोणालाच दिला नाही. आणि शेवंताबाई. तिला मी राजकन्या हो म्हटलं, तर ती म्हणाली, "राजकन्या होऊन काय करू गो? मी म्हस राखते तीच बरी." तिने म्हैस बरोबर घेतली आणि प्रत्येक संकटात ती पुढे केली.

"समोर काळोखी गुहा हाय," कंट्रोलर आवाज खाली आणून सांगायचे. "आतून धूर येतोय. काय करता?"

"म्हस आत सोडते."

"अगो शेवंते, म्हस कशाला? हातात तलवार दिली ना तुला?"

"तलवार काय दूध देते?"

तिकीट काढलं तर नऊ. म्हशीच्या वाटेला नेहमी नऊच यायचा. का ते मला कळलं नाही. डबा मी स्वतः हलवत होते.

टेपरेकॉर्डर तुमच्या आजोबांच्या ताब्यात होता, आणि हुंकारही. गोष्टीला कोणी "हं" म्हणणारं नसलं, तर कंट्रोलरांना पुढे सांगताच यायचं नाही. "हुंकार नाय तर मला वाटतं, गाडी रिकामीच चालली हाय," ते म्हणायचे. दोन वर्षांत तुमचे आजोबा त्या कॅसेटींवर फक्त "हं" म्हणाले आणि एकदा शिंकले. ती शिंक घोरपडीला आली, असं ठरवून आम्ही पुढे गेलो.

गाडीची घोषणा मी म्हणते ती इथली. दुपारपाळीचे दुसरे कंट्रोलर घोषणा करायचे ती आमच्या भिंतीवरून ऐकू यायची आणि कंट्रोलरांना ती सहन व्हायची नाही. "घोरपडीने तोंड उघडलंन. घशात लाल निखारे. आता ती फूत्कार टाकणार, इतक्यात..." आणि पलीकडून काहीतरी पुटपुट. कंट्रोलर थांबायचे. "काय बोलला तो? कुणाला तरी कळलं?" मग टेपरेकॉर्डर चालू असतानाच, आपल्या खऱ्या आवाजात: "प्रवाशांनी लक्ष द्यावं. महाड, वरंधमार्गे भोरला जाणारी गाडी फलाटाला लागली आहे." पुन्हा एकदा तेच. आणि मग घोरपड जिथे तोंड उघडून थांबली होती तिथून पुढे. मी म्हटलं, एवढं पुसून टाकू या. पण खोलीवाल्यांचा निरोप आला: "घोरपडीचं नंतर बघू. ती भोरची गाडी परत एकदा लावा. डोळ्यांत पाणी आलं."

आणि त्याच बी बाजूच्या शेवटी ठरलेलं वाक्य पहिल्यांदा बदललं होतं: "दिनू खाली गेला नाय आज. दारात उभा होता, आमच्याकडं पाठ करून."

कंट्रोलरांनी ते वाक्य ऐकलं आणि डब्यातली तिकिटं बाहेर काढून एकेक सरळ करून परत आत ठेवली.

सतरावा नियम माझा. तो इंग्रजी पुस्तकात नाही. त्याचं असं झालं, की साथीदाराला मदत केली तर एक तिकीट जास्त काढता यायचं आणि खोलीवाले प्रत्येक ठिकाणी मदतीला धावायचे. "आम्ही पण दोरी धरतो!" चौदा जणांची चौदा तिकिटं. मग काही फसायचंच नाही. म्हणून मी वहीत लिहिलं: "कॅसेटवरून मदत चालणार नाही. मदत करणारा इथे समोर हजर हवा आणि त्याने आपल्या हाताने तिकीट द्यावं." खोलीवाल्यांनी फार आरडाओरडा केला. "बाईंनी आम्हाला वर्गाबाहेर उभं केलं," असं एकजण म्हणाल्याचं कॅसेटवर ऐकू आलं. मी नियम बदलला नाही.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीतली गोष्ट. बी बाजू चालू होती. सरदाराने खाडीतून दासगावच्या बाजूला होडी न्यावी की नाही, यावर खोलीत जुंपली होती. मागे स्टोव्हचा आवाज. एकजण म्हणाला, "पण घंटेचा आवाज कुठनं येतो ते आधी बघाया हवं." आणि मागून, लांबून, कोणीतरी म्हणालं, "हं."

"थांबा," कंट्रोलर म्हणाले. "मागं घ्या."

आजोबांनी कॅसेट मागे घेतली. हं. पुन्हा मागे. हं. चार वेळा.

"खोलीतल्या चौदा जणांतला नाय हा," कंट्रोलर म्हणाले.

"कशावरून?" मी विचारलं.

"बाई, माझा आख्खा जन्म आवाजात गेला."

त्यानंतर महिन्याभराने दिनू बोलला. वडिलांशी नाही, सरदाराशी. आम्ही एका जुन्या विहिरीत उतरणार होतो, तर त्याचा, आता भरदार झालेला आवाज आला: "उतरू नका त्या विहिरीत. खाली चकवा हाय. वरनं घागर सोडून बघा." आपल्याकडे चकवा म्हणजे वाट चुकवून माणसाला गोल गोल फिरवणारं भूत, हे तुम्हाला बाबाने सांगितलं असेल. मी कंट्रोलरांना विचारलं, "विहिरीत चकवा आहे हे तुम्ही ठरवलं होतं का?"

"नव्हतं," ते म्हणाले. "आता हाय."

पावसाळ्याच्या तोंडाशी आम्ही गडाच्या दरवाज्याशी पोचलो. आत घोरपड, आत घंटा. आणि दरवाज्यावर कंट्रोलरांनी एक म्हातारा द्वारपाल बसवला. ते नेहमी उत्साहाने सांगत, त्या दिवशी सावकाश सांगत होते. या द्वारपालाचा आवाज फार मोठा. एकदा त्याने तटावरून, साऱ्या फौजेच्या देखत, एका पोरसवदा शिपायाला नाही नाही ते म्हटलं. फौज हसली. शिपाई त्या रात्री गड उतरून गेला तो मुका झाला, आणि तेव्हापासून निशाण घेऊन रानोमाळ फिरतो. दरवाजा त्या दिवसापासून अडकला आहे. द्वारपालाची हाक त्या शिपायाच्या मनापर्यंत पोचली तरच उघडेल.

शेवंताबाईने म्हैस पुढे केली नाही. तुमचे आजोबा हुंकार द्यायचे विसरले.

"द्वारपाल तटावर उभा राहतो," कंट्रोलर म्हणाले, "आणि हाक मारतो. चुकलं रे माझं. घरी ये." मग आमच्याकडे वळून, "पोचली का नाय, बघा. शेवंते, तिकीट काढ."

मी डबा खूप वेळ हलवला. शेवंताबाईने तिकीट काढलं, बघितलं आणि मुठीत धरलं. "सात!" ती म्हणाली.

"दाखव."

"सात हाय म्हटलं ना! माझ्यावर इस्वास नाय?"

"शेवंते, दाखव."

तिने मूठ उघडली. कंट्रोलरांनी तिकीट उजेडात धरलं. "शून्य," ते म्हणाले. आणि मग, दुसऱ्यांदा, "शून्य."

आजोबांचं बोट रिवाइंडच्या बटणावर होतं. मी म्हणाले, "कंट्रोलर, कोणाला कळणार आहे? परत काढू." मी, नियम लिहिणारी बाई, हे म्हणाले.

"दिनूला नाय कळणार," ते म्हणाले. "पण मग ती हाक खोटी. तिकीट म्हणजे तिकीट. बाई, लिहा."

मी चौकोनात शून्य लिहिलं. कॅसेट तशीच गेली.

पंधरा दिवसांनी बी बाजू आली ती कोरी. भांडण नाही, स्टोव्ह नाही, निरोप नाही. नुसती सूं आवाज करत फिरणारी टेप आम्ही चौघांनी शेवटपर्यंत ऐकली. शेवटी खट् झालं. "कॅसेट खराब असेल," कंट्रोलर म्हणाले, आणि चहा न घेता गेले.

त्याच्या पुढच्या रविवारी त्यांची दुपारपाळी होती. मी फाटकाशी शेवंताबाईकडून काकड्या घेत होते. गणपतीला अजून दोन महिने होते. मुंबईहून कोणी यावं असं काहीच नव्हतं. मुंबईची गाडी आली, पाच-सात माणसं उतरली, आणि त्यांतला एक उंच मुलगा खांद्याला पिशवी लावून सरळ केबिनकडे निघाला. मिशी फुटली होती. चालणं मात्र कंट्रोलरांचं.

"अगो बाय," शेवंताबाई म्हणाली, आणि काकडी तिच्या हातून टोपलीत पडली. आम्ही दोघी, वय विसरून, केबिनकडे जवळजवळ धावलोच.

कंट्रोलर महाबळेश्वरच्या गाडीची घोषणा करत होते. "प्रवाशांनी लक्ष द्यावं," इथपर्यंत आले आणि समोर बघून थांबले. दिनूने काचेतल्या अर्धगोल खिडकीतून आपलं घडी घातलेलं तिकीट आत सरकवलं. माइक चालू होता, म्हणून आम्हाला ऐकू आलं. आम्हालाच काय, सगळ्या स्टँडला आलं.

"नियम सतरा," दिनू म्हणाला. "मदत करणारा समोर हजर हाय. तिकीट माझ्या हातचं हाय."

कंट्रोलरांनी आधी माइकचं बटण बंद केलं. बोटाने चाचपून बघितलं. पुन्हा एकदा चाचपून बघितलं. मगच ते खिडकीशी वाकले आणि काहीतरी बोलले.

"काय बोलले गो?" शेवंताबाईने मला कोपराने ढोसलं.

"मला कसं ऐकू येणार?"

"मग जवळ जा की! शिकलेली ना तू?"

मी गेले नाही. पण एक गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी बघितली आणि ती कुठेही शपथेवर सांगेन. कंट्रोलर जे काही बोलले, ते एकदाच बोलले.

मग त्यांनी ते तिकीट उचललं, न बघता वरच्या खिशात ठेवलं, आणि खिशावर हात ठेवून उभे राहिले. महाबळेश्वरच्या ड्रायव्हरने थोडी वाट पाहिली आणि शेवटी स्वतःच खिडकीतून डोकं काढून "महाबळेश्वर, महाबळेश्वर" असं ओरडून गाडी सोडली.

दुसऱ्या दिवशी ते ओसरीवर आले तेव्हा मी वही उघडून बसले होते. "आकडा काय होता?"

"बघितला नाय."

"कंट्रोलर, चौकोन कोरा राहील."

"राहू दे. पुढच्या ओळीत लिहा, दार उघडलं."

मी तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या. रिकामी जागा सोडलेली मला कधी चालली नाही. तो चौकोन मी कोरा सोडला.

पुढचं थोडक्यात सांगते. घंटा मिळाली. अर्थात म्हशीने आणली, नऊवर. दिनू छापखान्यातच राहिला, रात्रशाळेतून गणित सोडवलं, आणि दर गणपतीला यायचा तेव्हा मुक्या निशाणवाल्याचं काम तो स्वतः करायचा. मुका म्हणवणारा तो निशाणवाला कोणाला बोलू द्यायचा नाही. कंट्रोलर दोन हजारनंतर कधीतरी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी आपल्याच गाडीची घोषणा केली: "डोंगरातल्या वाडीला जाणारी गाडी फलाटाला लागली आहे. या गाडीने कंट्रोलर घरी जात आहेत." ती दोनदा करून, बटण दोनदा चाचपून, ते गाडीत चढले. शेवंताबाईने त्यांच्या हातात काकड्यांची पिशवी कोंबली आणि म्हणाली, "आता वर जाऊन म्हशींना सांगा घोषणा!" त्यांनी तेही केलं असणार. काही वर्षांनी ते गेले. दिनू स्वतः सांगायला आला होता. त्याने सांगितलं, की वरच्या खिशातलं ते तिकीट शेवटपर्यंत तसंच होतं. घडीवर घडी, कडा झिजलेल्या. त्यानेही ते उघडून बघितलं नव्हतं.

परवा तुमच्या एका भागात मधेच काहीतरी कापल्यासारखं वाटलं. तुमच्या बाबाला विचारलं तर म्हणाला, फासा वाईट पडला म्हणून त्यांनी परत टाकला असेल. सई, तू सांगणारी आहेस. परत टाकू नकोस. वाईट पडला तर वाईट पडला म्हणून मोठ्याने सांग. त्यानंतर कोण कुठून येऊन उभं राहील, ते आधी कळत नाही.

ती दोनशे पानी वही मी बाबाबरोबर पाठवते आहे. नियम सगळे वापरा. मागे आकड्यांची पानं आहेत, त्यांत एक चौकोन कोरा दिसेल. तो कोणीही भरायचा नाही.

निषाद, तू चिप्स आणायला उठला असशील, म्हणून पुन्हा सांगते. तो कोणीही भरायचा नाही.